शिपाईतली आई

पोरी, परवा तू आलीस, कप हातात धरून बसलीस आणि चहा तसाच गार झाला. "आबा, शिप आणि शीप पोरांना एकच ऐकू येतं. फळ्यावर लिहिलं, जहाज काढलं, मेंढी काढली. तरी म्हणतात, मॅडम, दोन्ही सेमच यायलंय की!" नेमणूक होऊन चार महिने झाले नाहीत तोच तुला वाटायला लागलं, की उमरगा तालुक्यातल्या पोरांच्या जिभाच जड आहेत. तोंडानं म्हणाली नाहीस, पण चेहऱ्यावर होतं. तो चेहरा मी ओळखतो. पहिली सात-आठ वर्षं तोच घेऊन मी वर्गात शिरायचो.

तेव्हा तुला एसटी गाठायची होती, बोलणं अर्धंच राहिलं. आता निवांत लिहितो. यातलं काही माझ्या गुरुजींचं, काही सहकाऱ्यांकडून उचललेलं, आणि बरंचसं पोरांनीच मला शिकवलेलं.

पोरांची जीभ जड नाही, हे आधी डोक्यात पक्कं कर. ती मराठी फार पक्की बोलतात, म्हणून इथे अडकतात. 'वीट' म्हणून बघ. आता 'विटा' म्हण. तोंडातल्या तोंडात काय झालं ते ऐकलंस? मूल आणि मुलं, फूल आणि फुलं, चूक आणि चुका, दूध आणि दुधात. शब्द व्यंजनावर येऊन थांबला की त्याच्या आधीची इ किंवा उ आपण ताणतो, आणि पुढे शेपूट लागलं की लगेच आखडून घेतो. शुद्धलेखनाच्या नियमांत याला अकारान्त शब्दाचा उपान्त्य इकार-उकार दीर्घ, असं म्हणतात. मराठी साहित्य महामंडळाने १९६२ साली चौदा नियम केले, १९७२ साली त्यांत चार वाढवले, त्यांतला हा एक. तू डी.एड.ला पाठ केला असशील आणि पेपर दिल्यावर विसरली असशील. पोरं तो पाठ करत नाहीत, आईच्या कडेवर असल्यापासून बोलतात. इतका भिनलेला आहे, की 'विष' आणि 'गुण' हे संस्कृतातले शब्द आपण ऱ्हस्व लिहितो खरे, पण बोलताना वीष आणि गूणच म्हणतो.

अशा पोराच्या समोर तू एस-आय-टी लिहितेस. शब्द ट वर थांबला. जीभ आपला कायदा चालवते आणि तोंडातून 'सीट' बाहेर पडतं. बसणंही सीट आणि बसायची जागाही सीट. मासा फीश, टेकडी हील. यात आळस कुठे आला? गंमत बघायची असेल तर उद्या वर्गात त्याच पोराला 'सिटिंग' म्हणायला लाव, 'फिशिंग' म्हणायला लाव. पुढे शेपूट लागलं की ऱ्हस्व अगदी ठाकठीक निघतो. म्हणजे आवाज त्याच्याजवळ आहे. फक्त शब्दाच्या शेवटच्या बंद खोलीत तो न्यायचा कसा, एवढंच त्याला ठाऊक नाही.

माझ्या गुरुजींनी हे आम्हाला कधी समजावून सांगितलं नाही. ते समजावणारे नव्हतेच. धोतर, काळी टोपी, हातात खडू. त्यांनी मला उभं केलं आणि म्हणाले, "शिपाई म्हण."

"शिपाई."

"आता त्यातली आई काढ."

मी घाबरत म्हणालो, "शिप."

"हे जहाज. बस खाली."

वर्ग हसला. पण त्या दिवसापासून आजपर्यंत माझं जहाज कधी मेंढी झालं नाही. पुढे मी मास्तर झालो तेव्हा या एका शिपायावर सगळं घर बांधलं. शब्द गोळा करत गेलो. पिचकारीतली 'कारी' काढ, क्रिकेटचं पिच राहतं. पीच म्हटलं तर ते फळ. गुऱ्हाळावरच्या चिपाडातला शेवटचा 'आड' काढ, चिप उरतं, आणि चीप म्हणजे स्वस्त. लिपीतली शेवटची ई काढ, ओठ. टिकलीतली 'ली' काढ, बरोबरची खूण. रिचवलं यातलं 'वलं' काढ, श्रीमंत. दीर्घ केलंस तर पोचणं. पिकलं यातलं 'लं' काढलं तर उचलणं किंवा निवडणं, आणि आपलं रानातलं 'पीक' जसंच्या तसं म्हटलं तर डोंगराचं शिखर.

उकाराचे तर आणखी छान सापडले. यात्रेतले फुटाणे घे, त्यातले 'आणे' काढून टाक, पाऊल हाती येतं. (फुटाण्यातला फ ओठांचा आणि इंग्रजीतला दात-ओठांचा, ते भांडण नंतर कर, एका वेळी एकच.) पंढरीच्या बुक्क्यातला 'का' काढलास की पुस्तक. गुडघ्यातला 'घा' काढ, चांगलं. लुकलुकमधलं एक लुक म्हणजे बघ. पुटपुटमधलं एक पुट म्हणजे ठेव. बुलबुल अर्धा केला की बैल. फुलं यातला शेवटचा अं गिळला की भरलेलं, आणि नुसतं 'फूल' म्हटलं की मूर्ख. हे शेवटचं पोरांना फार आवडतं. महिनाभर एकमेकांना फूल देत फिरतात.

करताना एक सांभाळ. "शॉर्ट म्हण, शॉर्ट म्हण" असं ओरडू नकोस. त्यानं पोर श्वास कोंडून शब्द तोडतं आणि उचकी लागल्यासारखं बोलतं. आधी शिपाई अख्खा म्हणू दे, नेहमीच्या वेगानं, टाळीसह. दुसऱ्यांदा 'आई' फक्त मनात म्हणायची. तिसऱ्यांदा प वर ओठ मिटायचे ते मिटलेलेच ठेवायचे, उघडायचेच नाहीत. मिटल्या ओठांनी तीन मोजायचं. असं आठवडाभर केलं की शिपाई आपोआप गळून पडतो.

आता थोडं घरचं सांगतो, कारण मला खरा उलगडा तिथून झाला. माझे वडील निजामाच्या राज्यातले. सप्टेंबर १९४८ची पोलीस अॅक्शन झाली तोवर त्यांचं शिक्षण उर्दूत झालं होतं. तेव्हा वरचं बहुतेक शिक्षण उर्दूतच. हैदराबादचं उस्मानिया विद्यापीठ १९१८ साली निघालं तेच मुळी उर्दू माध्यमाचं. तर वडील आईशी बोलताना नदीवरचा 'पूल' म्हणायचे, आणि ओट्यावर त्यांचे जुने मुसलमान दोस्त येऊन बसले की तोच 'पुल' व्हायचा. पाणी तेच, दगड तेच, ऊ आखूड. लहानपणी मला वाटायचं, वडील घाईत बोलतात. मास्तर झाल्यावर एकदा वर्गात पुल आणि पूल शिकवताना जीभ थबकली. ओढणं म्हणजे वडिलांचा दोस्तांबरोबरचा पुल, पोहायचा हौद म्हणजे आईबरोबरचा पूल. दोन्ही आवाज आमच्या ओट्यावर चाळीस वर्षं येऊन-जाऊन होते.

म्हणून सांगतो, वर्गात कुणाच्या घरी काय बोलतात ते आधी विचारून घे. ज्यांच्या घरी दखनी बोलतात ती पोरं 'दिन', 'फिर', 'कुछ' सहज ऱ्हस्व म्हणतात. त्यांना हिल आणि हील वेगळं करायला पाच मिनिटं पुरतात. आणि मराठी पोरांनासुद्धा हिंदी सिनेमा येतोच. हिरोसारखं 'दिल' म्हणायला लाव. गंमत म्हणून म्हणताना ते 'दील' म्हणत नाहीत, हिरो म्हणतो तसंच म्हणतात. मग द काढून फ लाव, ह लाव, ब लाव, क लाव. भरणं, टेकडी, दुकानदाराचं बिल आणि ठार मारणं, चारही एका दमात. इंग्रजीच्या तासाला हिंदी कशाला, असं म्हणणारा कुणी भेटला तर त्याच्याशी वाद घालू नकोस. मान हलव आणि दार लोटून घे.

इथवर मी ऱ्हस्व-दीर्घ म्हणजे जणू घड्याळाचा हिशेब असल्यासारखं बोललो. ते खरं पाऊणच आहे. उरलेला पाव समजून घे, नाहीतर एखादं हुशार पोर तुला अडचणीत आणेल.

कळंबच्या स्टँडवर कंडक्टर ओरडतो ते आठव. "बीऽऽड, बीऽऽड!" किती ताणतो. आता पोलिसाचं किंवा तुमच्या विस्तार अधिकाऱ्याचं 'बीट' म्हण. तसं ताणता येतं का? नाही, ट येऊन दार लावतो. इंग्रजीतही हेच. माळेतला मणी म्हणजे बीड, थेट आपला शेजारचा जिल्हा, आणि त्याचा स्वर खूप लांब. मारणं म्हणजे बीट, त्यातला स्वर त्याच जातीचा पण तोडलेला. लिलावात बोली लावणं म्हणजे बिड, ऱ्हस्व, पण पुढे ड असल्यामुळे जरा सैलावलेला. घड्याळ लावून मोजलं तर बिडमधला ऱ्हस्व आणि बीटमधला दीर्घ जवळजवळ बरोबरीला येतात. तरी इंग्रजाला त्यांत घोटाळा होत नाही. का? तो लांबी ऐकत नाही, ताण ऐकतो. दीर्घ ई म्हणताना ओठांची टोकं मागे ओढली जातात, गाल ताठ होतात, जीभ टाळूकडे चढते. ऱ्हस्व इ म्हणताना सगळं तोंड ढिलं पडतं, दुपारी कडुनिंबाखाली आडव्या झालेल्या माणसासारखं.

हैदराबादला १९५८ साली इंग्रजीची केंद्रीय संस्था निघाली. माझे एक थोरले सहकारी तिथे काही महिने शिकून आले होते. येताना त्यांनी काय आणलं? खिशातला आरसा. आम्ही हसलो, म्हटलं सर तिकडे जाऊन नटायला शिकून आले. ते काही बोलले नाहीत. वर्गात गेले, आरसा पहिल्या बाकावर दिला आणि म्हणाले, शीप म्हणताना दात दिसले पाहिजेत, शिप म्हणताना दिसता कामा नयेत. आरसा हातोहात फिरला. मी दारात उभा राहून पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी बाजारातून चार आरसे आणले. तूही आण. दोन बोटं गालांवर ठेवायला सांगितली तरी चालतं. गाल ताठला तर दीर्घ, नाहीतर ऱ्हस्व. उ-ऊचं असंच आहे. ऊ म्हणताना ओठांचा चंबू पुढे येतो, उ म्हणताना नुसते गोल होतात.

आणि बोलायला लावण्याआधी ऐकायला लाव. इथे बहुतेक मास्तर चुकतात, मीही चुकलो. जो फरक कानाला कळत नाही तो जिभेला कळणार कुठून? पोरांना मूठभर चिंचोके आणायला सांग. एक चिंचोका पुढे सरकवला म्हणजे ऱ्हस्व, दोन म्हणजे दीर्घ. तू तोंडापुढे वही धर, नाहीतर पोरं ओठ वाचतात आणि कान झोपलेलाच राहतो. पहिल्या दिवशी दोनच शब्द, शिप आणि शीप, उलटसुलट वीस वेळा. कोण चुकलं ते मोठ्यानं सांगू नकोस, नुसतं बरोबर उत्तर सांग आणि पुढे चल. पाच-सहा दिवसांनी ज्याचे चिंचोके बरोबर सरकायला लागले, त्यालाच वही देऊन मास्तर कर. पोरानं पोराला विचारलं की मज्जाही येते आणि तुझ्या घशालाही आराम.

यादीतून दोन शब्द मात्र वगळ. कागदाचा ताव आणि समुद्रकिनारा. त्यांतला दीर्घ आखडला की इंग्रजीत घाण शब्द होतात. तू मुद्दाम शिकवू नकोस. एखादं पोर चुकून बोललं तर हसू नकोस आणि दुसऱ्यांना हसू देऊ नकोस. एकदा हसलेलं पोर वर्षभर तोंड उघडत नाही, हे मी पाहिलं आहे.

हसं माझंही झालं होतं. बी.ए. होऊन पहिल्यांदा नोकरीच्या मुलाखतीला गेलो, मोठ्या शहरात. समोर तिघे. मधल्या गृहस्थांनी विचारलं, "व्हेअर डू यू लिव्ह?" माझ्या मराठी कानानं त्याचा 'लीव्ह' केला. मला वाटलं, कुठून निघता ते विचारतात. मी छाती पुढे काढून सांगितलं, "फ्रॉम एसटी स्टँड, सर." तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. त्यांना वाटलं, गरीब पोरगं स्टँडवर राहतं. एकानं तर रात्रीच्या जेवणाची चौकशी केली. नोकरी मिळाली नाही ती त्यामुळेच असं मी म्हणणार नाही, बाकीची उत्तरंही यथातथाच होती. पण परतीच्या गाडीत कळंबपर्यंत मी लिव्ह आणि लीव्ह घोकत आलो, आणि शेजारचा म्हातारा सरकून दुसऱ्या सीटवर जाऊन बसला.

तरी मला हे सांगायला हवं, की दर वेळी एवढं अडत नाही. "फॉर्म फील करा" म्हटलं तरी कळतं. ऐकणारा बाकीच्या वाक्यावरून सावरून घेतो. त्यामुळे उत्तराची ओळ वाचताना पोराला मध्येच थांबवून ऱ्हस्व-दीर्घ काढू नकोस. वाचू दे. त्याला वेगळी दहा मिनिटं ठेव. एकच ठिकाण असं आहे जिथे मी अडवतो, ते म्हणजे आकडे. फिफ्टीन आणि फिफ्टी. पंधरा म्हणताना जोर मागच्या तुकड्यावर, ई लांब आणि शेवटी न स्पष्ट. पन्नास म्हणताना जोर पुढे आणि टी हलका. मोंढ्यात पंधरा कट्टे आणि पन्नास कट्टे यांत फरक पडला तर वाक्य सावरून घेत नाही.

आता दुसरा घोळ. तुला जे प्रशिक्षण दिलं त्यात 'लाँग व्हॉवेल' आणि 'शॉर्ट व्हॉवेल' असे शब्द आले असतील. तिथे लाँग आय म्हणजे ई नव्हे, आय. लाँग ए म्हणजे आ नव्हे, एइ. लाँग म्हणजे अक्षर स्वतःचं नाव सांगतं, एवढाच अर्थ. आपल्या ऱ्हस्व-दीर्घाशी त्याचं नातं नावापुरतं. किट आणि काइट ही त्यांची जोडी, किट आणि कीट ही आपली. हे दोन हिशेब एका तासाला एका फळ्यावर मांडू नकोस. मांडलेस तर पोरं गोंधळतील आणि दोष मात्र पोरांना लागेल.

असं विचित्र का झालं, हे मोठ्या पोरांना सांगितलंस तर आवडेल. सहाशे वर्षांपूर्वी इंग्रज 'नेम' म्हणत नव्हते. एन-ए-एम-ई याचा उच्चार 'नाम' आणि शेवटी हलका अ, असा होता. म्हणजे आपलाच नाम. दोन्ही शब्द एकाच जुन्या कुळातले, तिथे तर ते भेटताना दिसतात. वेळेला ते 'टीम' म्हणत, घराला 'हूस', चंद्राला 'मोन'. साधारण १४०० ते १७०० या काळात त्यांचे लांब स्वर एकामागून एक सरकत गेले, आ चा ए झाला, ई चा आय झाला, ऊ चा आउ झाला. पण कॅक्स्टननं १४७६ साली वेस्टमिन्स्टरला छापखाना घातला होता, आणि छापलेलं स्पेलिंग हळूहळू घट्ट होत चाललं होतं. जीभ पुढे गेली, कागद मागे राहिला.

त्या शेवटच्या मुक्या ई ची गोष्टही तिथलीच. आधी तो मुका नव्हता. ना-म-अ असा तो उच्चारला जायचा, म्हणून त्याच्या आधीचा स्वर मोकळा आणि लांब. पुढे ई ची वाचा गेली, पण लांबलेला स्वर लांबच राहिला. कॅप आणि केप, हॉप आणि होप, कब आणि क्यूब. आपल्याकडे काय होतं? विटेला शेपूट जोडलं की स्वर आखडतो. त्यांच्याकडे मुकी शेपटी जोडली की लांबतो. हे उलटंपालटं मी फळ्यावर शेजारी शेजारी लिहून दाखवतो.

याच्याच पोटात एक उपयोगी नियम आहे आणि तो पोरांना मराठीतून येतो. चिठ्ठी, दिल्ली, मुक्काम, गुत्ता. जोडाक्षराच्या आधीची इ-उ मराठी शब्दांत बहुधा ऱ्हस्व असते. इंग्रजीतही स्वर ऱ्हस्व राखायचा तर पुढचं अक्षर दुहेरी करतात. डिनरमध्ये एन दोन, म्हणून डि. एकच एन ठेवला तर डायनर, जेवणारा. हॉपिंगमध्ये पी दोन, होपिंगमध्ये एक. रिटनमध्ये टी दोन, रायटिंगमध्ये एक. रायटिंगमध्ये दोन टी घालणारी पोरं दर वर्गात निम्मी असतात. सोलापूर–हैदराबाद रस्त्यावर एका ढाब्याच्या पाटीवर मी डायनिंगमध्ये दोन एन पाहिले. वाचायचं तर 'डिनिंग हॉल', म्हणजे कानठळ्या बसवायची जागा. लाउडस्पीकरवर गाणी चालू होती, त्यामुळे पाटी अगदीच चूक म्हणता येईना.

अपवाद येतील. गिव्ह, लिव्ह, हॅव, लव्ह यांत शेवटी ई आहे पण स्वर लांबत नाही. इंग्रजीत शब्द व्ही वर संपवायची पद्धत नव्हती, म्हणून ई नुसता टेकू लावल्यासारखा ठेवलेला. दोन ओ असले की ऊ लांब, मून, फूड, पूल. पण पुढे के असला की बहुधा आखूड, बुक, लुक, कुक, टुक. गुड आणि फुट आखूड, आणि ब्लड, फ्लड तिसरीकडेच. हे पाठच करायचं. आणि डिक्शनरी बघताना स्वरामागे दोन टिंबांसारखी खूण शोधायला शिकव. खूण असली की दीर्घ. एवढं एक चिन्ह आलं तरी पोर तुझ्याशिवाय चालू लागतं. आपल्याच गावांची इंग्रजी पाटी वाचायला लावलीस तर त्यांना हेही कळेल, की नुसत्या रोमन अक्षरावर भरवसा ठेवता येत नाही. तुळजापूर लिहिताना यू दोनदा येतो, पहिला आखूड आणि दुसरा लांब. भूमचा यू लांब. बीडला मात्र दोन ई दिल्या. जसं बोलावं तसं ते लिहीत नाहीत, आणि आपणही नाही.

राहिला ए आणि ओ. इथे आपली मराठी खरोखर कमी पडते. पेन आणि पेन, म्हणजे लेखणी आणि दुखणं. गेट आणि गेट, म्हणजे मिळणं आणि फाटक. देवनागरीत दोन्ही एकसारखेच लिहिले जातात आणि आपल्या तोंडातून दोन्हीच्या मधलं काहीतरी निघतं. मी पोरांना सांगायचो, दुखण्याला शेवटी हलकी इ चिकटव, 'पेइन', फाटकाला 'गेइट', उशिराला 'लेइट', आणि लेखणीचा ए चटकन तोडून टाक. काम भागतं. याहून जास्त मी कधी ताणलं नाही. ज्या पोराला अजून वाक्य जुळत नाही त्याला पेनाच्या ए वरून छळणं मला पटत नाही.

पण तुझ्या वर्गात तुला माझ्यापेक्षा चांगला मास्तर मिळू शकतो. उमरग्याच्या त्या पट्ट्यात कितीतरी घरांत कानडी बोलतात. कानडीत आखूड ए आणि लांब ए यांना वेगवेगळी अक्षरं आहेत, ओ ला तशीच दोन. दोनला 'एरडु' म्हणतात, त्यातला ए आखूड. सातला 'एळु', त्यातला लांब. एक म्हणजे 'ओंदु', आखूड. वाच म्हणजे 'ओदु', लांब. मी एकदा एका कानडी घरातल्या मुलीला पेन आणि पेइन म्हणायला लावलं. तिनं पहिल्या फटक्यात दोन्ही वेगळे म्हटले आणि माझ्याकडे असं पाहिलं, की यात शिकवण्यासारखं काय आहे. ती वर्गात कधी बोलत नसे, मराठीत चुकते म्हणून मागच्या बाकावर बसे. त्या दिवसापासून ए-ओ च्या तासाला मी तिच्या बाकावर बसायचो आणि ती फळ्यापाशी.

'ओंदु' आणि 'ओदु' मला अजून नीट जमत नाहीत. मी म्हटलं की दोन्ही सारखेच निघतात, आणि तुझी आजी म्हणते, "सेमच यायलंय की." तुझ्या वर्गात कानडी घरातलं पोर असेल तर त्याला विचार, आणि रविवारी फोन करशील तेव्हा त्याचा आवाज मला ऐकव. चिंचोके मी इथे वाळत घातले आहेत. गणपतीला येशील तेव्हा डबाभर घेऊन जा.